एकाच जातीचे जिवाणू, एक उपकारक तर एक घातक: जनुकीय फरकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावर जिवाणूंचा विषय पुस्तकापुरता राहत नाही. आंबोळीचे पीठ रात्रभरात फुगते, वालाच्या मुळांवर गाठी धरतात आणि लावणीच्या दिवसांत लेप्टोची धास्ती वाटते, या तिन्ही गोष्टींच्या मागे जिवाणूच असतात. शेतकरी, कोळंबी संवर्धक, विद्यार्थी आणि गृहिणी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. इंग्रजीत ज्याला 'स्ट्रेन' म्हणतात त्यासाठी येथे 'वाण' हा शब्द वापरला आहे, कारण भाताच्या आणि आंब्याच्या वाणांशी येथील वाचकाचा परिचय जुना आहे.

प्रश्न: जिवाणू उपकारक की घातक, हे त्याच्या जातीच्या नावावरून कळत नाही का?

क्वचितच कळते. आंबा ही वनस्पतिशास्त्रात एकच जात आहे. हापूस, पायरी आणि गडग्यालगतचा रायवळ हे तिच्यातले वेगवेगळे प्रकार. जिवाणूंच्या एका जातीतही असेच असंख्य वाण असतात, मात्र त्यांच्यातील जनुकीय अंतर दोन आंब्यांमधील अंतरापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे वर्णन थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी १८८५ मध्ये केले. त्याचा के-१२ हा निरुपद्रवी वाण १९२२ मध्ये वेगळा करण्यात आला आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुळला. १९९७ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा तो डीएनएच्या सुमारे ४६ लाख अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतील एक दुवा) आणि जवळपास ४,३०० जनुकांचा असल्याचे दिसले.

याच जातीचा ओ१५७:एच७ हा वाण रक्तमिश्रित जुलाब घडवतो आणि काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, मूत्रपिंडे निकामी करतो. त्याचा जनुकसंच २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो सुमारे ५५ लाख अक्षरांचा निघाला. दोघांत सुमारे ४१ लाख अक्षरांचा कणा समाईक आहे. पण के-१२ मध्ये मुळीच नसलेली १,३८७ जनुके या घातक वाणात सापडली. पुढच्याच वर्षी मूत्रमार्गाचा संसर्ग करणारा तिसरा वाण तुलनेला घेतला गेला, तेव्हा तिन्ही वाणांची मिळून जेवढी प्रथिने होतात त्यांपैकी केवळ ३९.२ टक्के तिन्हींमध्ये समान असल्याचे आढळले. नाव एक आणि निम्म्याहून अधिक सामान वेगळे, अशी ही जात आहे. त्यामुळे 'अहवालात ई. कोलाय आला' एवढ्यावरून घाबरून जाणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही अपुऱ्या माहितीवर आधारलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत मात्र कोणताही ई. कोलाय सापडणे गंभीरच मानावे, कारण तो पाण्यात मैला मिसळल्याची खूण असतो.

प्रश्न: हा फरक येतो कुठून? जिवाणू तर एकाचे दोन होत वाढतात, मग सगळे सारखे का नसतात?

हापूसचे कलम बांधले की गुण मातृवृक्षाकडून उतरतात. शेजारच्या पायरीचा स्वाद एका रात्रीत हापूसच्या झाडात शिरला, असे कधी घडत नाही. जिवाणूंमध्ये नेमके तेच घडते. वारसा वरून खाली उतरतोच, पण जनुके शेजाऱ्याकडून आडवीही येतात आणि त्यासाठी दोघे एकाच जातीचे असावे लागतात असेही नाही.

त्याचे तीन मार्ग चांगले अभ्यासलेले आहेत. पहिला मार्ग मेलेल्या जिवाणूचा उघडा डीएनए आत ओढून घेण्याचा. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोनियाच्या जिवाणूचा निरुपद्रवी वाण आणि उष्णतेने मारलेला घातक वाण एकत्र करून उंदरांना टोचला, तेव्हा उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू मिळाले. हा बदल घडवणारा पदार्थ डीएनएच आहे, हे अ‍ॅव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवले. दुसरा मार्ग प्लाझ्मिडचा. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे. अनेक प्लाझ्मिडे एका जिवाणूतून दुसऱ्यात थेट जातात. तिसरा मार्ग जिवाणूंनाच संसर्ग करणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फाजांचा. काही फाज यजमानाला लगेच मारत नाहीत. ते त्याच्या गुणसूत्रात बस्तान बसवतात आणि येताना विषाची जनुके बरोबर आणतात. ओ१५७:एच७ चे मूत्रपिंडांना इजा करणारे, शिगा नावाचे विष अशा फाजानेच आणलेले आहे. आडव्या वाटेने आलेला जनुकांचा मोठा सलग तुकडा गुणसूत्रात रुजला, तर त्याला जनुकबेट म्हणतात. समुद्रात बेट जसे वेगळ्या खडकाचे उठून दिसावे, तशी त्याच्या अक्षरांची घडणही भोवतालापेक्षा वेगळी दिसते.

प्रश्न: खाडीच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जिवाणू असतात हे खरे आहे का?

खरे आहे, आणि तरीही त्या वाक्याचा जो अर्थ सहसा काढला जातो तो बरोबर नाही. व्हिब्रिओ कॉलरे या जिवाणूचे मूळ घर गोडे आणि खारे पाणी मिसळते अशा उबदार निमखाऱ्या पाण्यात आहे. तेथे तो सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगावर चिकटून राहतो आणि त्यांच्या कवचातील कायटिन खाऊन जगतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात रुग्णांमध्ये हा जिवाणू पाहिला, तेव्हापासून तो केवळ माणसाच्या रोगाशी जोडला गेला. वस्तुतः पाण्यात राहणाऱ्या त्याच्या वाणांपैकी बहुतेकांकडे कॉलऱ्याचे विष तयार करणारी जनुकेच नसतात. असे वाण कधी जखमेत वा कानात संसर्ग करतात, कधी साधे जुलाब घडवतात, पण साथ पसरवत नाहीत.

साथीच्या वाणाकडे दोन गोष्टी असाव्या लागतात. पहिली, लहान आतड्यात वसाहत करण्यासाठी लागणारे केसासारखे तंतू. त्यांची जनुके एका जनुकबेटावर असतात. दुसरी गोष्ट विष. हे विष आतड्यात पाणी ओतायला लावते, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यातच दाखवून दिले, आणि भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या कामाला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे आजही मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विषाची जनुके जिवाणूची स्वतःची नसून धाग्यासारख्या एका फाजाची आहेत, हे वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले. यातील खरी मेख पुढे आहे. तो फाज जिवाणूच्या आत शिरतो तो त्या वसाहतीच्या तंतूंनाच धरून. म्हणजे तंतूंचे बेट आधी यावे लागते, तेव्हाच विषाला दार उघडते.

या जिवाणूला कायटिनचा पृष्ठभाग मिळाला की तो आसपासचा उघडा डीएनए ओढून घेऊ लागतो, हे २००५ मध्ये आढळले. मासळी बाजारामागे पडलेल्या कोळंबीच्या सालींच्या ढिगाकडे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वेगळ्या नजरेने का पाहतो, ते यावरून लक्षात यावे. अशा देवघेवीतून काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९९२ मध्ये चेन्नईत ओ१३९ हा नवा वाण प्रकट झाला. तो मूळचा साथीचा ओ१ वाणच होता, पण त्याच्या बाह्य आवरणाची जनुके बदललेली होती, त्यामुळे जुन्या वाणाविरुद्धची प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे अपुरी पडली.

प्रश्न: मग कालवे आणि तिसऱ्या खाणे धोक्याचे आहे का?

कच्च्या खाल्ल्यास धोका आहे. येथे मुख्य संशयित व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा खाऱ्या पाण्यातला जिवाणू. १९५० मध्ये जपानमधील ओसाका येथे लहान मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले आणि त्यांतील २० दगावले, तेव्हा त्याचा शोध लागला. समुद्रात सापडणाऱ्या त्याच्या वाणांपैकी थोड्यांकडेच रक्तपेशी फोडणाऱ्या विषाची टीडीएच किंवा टीआरएच ही जनुके असतात. रुग्णांत सापडणाऱ्या वाणांकडे मात्र ती बहुधा असतातच. समुद्रातला मोठा समूह निरुपद्रवी आणि त्यात विखुरलेले थोडे घातक, अशी ही वाटणी आहे.

शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातले जिवाणू त्यांच्यात साठतात, आणि अनुकूल स्थितीत हा जिवाणू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. आपल्याकडे एकशिपी किंवा सुके करताना तिसऱ्या चांगल्या शिजतात, ही जमेची बाजू आहे. ज्या विळीवर आणि ताटात कच्ची मासळी साफ केली, तिच्यावरच न धुता कोशिंबीर चिरली जाणे, ही उणी बाजू.

प्रश्न: कोळंबीच्या तलावात 'व्हिब्रिओ' आढळला, म्हणजे पीक गेले का?

व्हिब्रिओ नसलेला खाऱ्या पाण्याचा तलाव मिळणे कठीण आहे. महत्त्वाचा प्रश्न असा की त्या व्हिब्रिओकडे एक विशिष्ट प्लाझ्मिड आहे का. चीनमध्ये २००९ च्या सुमारास तलावात बीज सोडल्यापासून साधारण महिन्याभरात कोळंबी मरू लागल्याच्या घटना दिसल्या. हा रोग 'ईएमएस', म्हणजे लवकर होणारी मर, या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे कारण २०१३ पासून उलगडत गेले: वर उल्लेखिलेल्या पॅराहिमोलिटिकसचेच काही वाण सुमारे ७०,००० अक्षरांचे एक प्लाझ्मिड बाळगतात आणि त्यावरील पिर-ए व पिर-बी ही दोन जनुके कोळंबीची पचनग्रंथी नष्ट करणारे विष तयार करतात. या जनुकांचे जवळचे नातलग सापडतात ते कीटकांना मारणाऱ्या एका जिवाणूत, म्हणजे हे हत्यार मूळचे समुद्रातले नसावे.

हाच वाण प्लाझ्मिड गमावून बसला तर तो कोळंबीला या रीतीने मारू शकत नाही. उलट, तेच प्लाझ्मिड व्हिब्रिओच्या इतर जातींमध्येही मिळालेले आहे. म्हणून केवळ हिरव्या-पिवळ्या वसाहती मोजणारी चाचणी अपुरी ठरते, आणि बीज घेतानाच पिर जनुकांसाठी पीसीआर, म्हणजे नेमके जनुक शोधणारी, तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते. माणसाला आजारी पाडणारी टीडीएच जनुके आणि कोळंबीला मारणारी पिर जनुके वेगवेगळी आहेत, हेही येथे लक्षात ठेवावे.

प्रश्न: लेप्टोच्या जिवाणूचेही निरुपद्रवी वाण असतात का?

असतात, मात्र येथे फरक वाणांचा नसून जातींचा आहे. लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा ही जात ओल्या मातीत आणि पाण्यात स्वतंत्रपणे जगते व कोणालाही त्रास देत नाही. लेप्टोस्पायरा इंटरोगन्स ही जात उंदीर, गुरे अशा प्राण्यांच्या मूत्रपिंडात राहते, मूत्रावाटे चिखलात येते आणि पायाच्या भेगांतून माणसात शिरते. दोघींत सुमारे २,००० जनुके समान आहेत. लिपएल-३२ या बाह्य प्रथिनाचे जनुक मात्र रोगकारक जातींतच आढळते, म्हणून निदानाच्या पीसीआर चाचणीत त्याचा उपयोग होतो. गंमत अशी की २००९ मध्ये हे जनुक निकामी केलेला वाण तपासला असता तो प्रयोगातील प्राण्यांना तरीही आजारी पाडू शकला. ओळखीची खूण आणि प्रत्यक्ष हत्यार या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. शेतकऱ्यासाठी व्यवहार तोच राहतो: चिखलात अनवाणी उतरू नये, जखम झाकावी, ताप आल्यास भातशेतीत काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न: उपकारक गुणही असे बाहेरून येतात का, की फक्त रोगच?

उपकारक गुणही येतात, आणि त्याचे उदाहरण भातकापणीनंतर आपल्या शेतात उभे असते. मागे राहिलेल्या ओलीवर घेतलेल्या वाल, कुळीथ, चवळी या पिकांच्या मुळांवर रायझोबियम गटातील जिवाणू गाठी करतात आणि हवेतील नत्र पिकाला पुरवतात. गाठ बांधण्याची व नत्र स्थिर करण्याची जनुके यांपैकी अनेक जिवाणूंत प्लाझ्मिडवर किंवा जनुकबेटावर असतात. न्यूझीलंडमध्ये एका चारापिकाला बाहेरून आणलेले जिवाणू लावण्यात आले होते. काही वर्षांनी मुळांवरच्या गाठींत निराळेच, मूळचे त्या मातीतले जिवाणू सापडले. आणलेल्या जिवाणूच्या पाच लाख अक्षरांच्या जनुकबेटाने मातीतल्या निरुपयोगी जिवाणूंना पिकाचे सोबती बनवले होते. हे काम १९९५ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच जिवाणूंच्या कुटुंबात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम आहे. त्याच्याकडे सुमारे दोन लाख अक्षरांचे टीआय नावाचे प्लाझ्मिड असले तर तो झाडाच्या खोडावर गाठीरोग आणतो, नसले तर मातीत निमूट राहतो. कुटुंब एक, मुळाशी जवळीक एक. प्लाझ्मिड कोणते लाभले यावर पुढचे सारे अवलंबून. जिवाणू संवर्धकाचे पाकीट घेताना ते कोणत्या पीकगटासाठी आहे हे पाहण्याचा सल्ला कृषी अधिकारी देतात, तो याच कारणाने. सोयाबीनसाठीचे संवर्धक वालाला लावून उपयोग होत नाही.

प्रश्न: उरलेल्या भातातला जिवाणू आणि फवारणीचे बीटी हे नातलग आहेत, असे ऐकले. खरे का?

अगदी जवळचे नातलग आहेत. भातात वाढणारा बॅसिलस सेरियस, अळ्या मारणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे बीटी, आणि गुरांना काळपुळी आणणारा अँथ्रॅक्सचा जिवाणू, या तिघांची मुख्य गुणसूत्रे इतकी सारखी आहेत की त्यांना एकच जात मानावे असे काही संशोधकांनी २००० मध्ये सुचवले होते. फरकाचा मोठा भाग प्लाझ्मिडवर आहे: अँथ्रॅक्सकडे विषासाठी एक आणि संरक्षक आवरणासाठी दुसरे, बीटीकडे अळीनाशक स्फटिकाचे, आणि सेरियसच्या काही वाणांकडे उलटी घडवणाऱ्या विषाचे. आवरणाचे प्लाझ्मिड गमावलेल्या स्टर्न नावाच्या अँथ्रॅक्स वाणापासूनच गुरांची लस बनते. स्वयंपाकघराशी संबंधित मुद्दा एवढाच की उलटीचे ते विष उष्णतेने नष्ट होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकला तर जिवाणू मरतील, विष राहील. भात उरणार असेल तर लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा.

प्रश्न: जनुके गमावली की जिवाणू नेहमीच सौम्य होतो का?

अनेकदा होतो. जन्मतः टोचली जाणारी बीसीजी लस हे त्याचे ठळक उदाहरण. काल्मेट आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचा जिवाणू १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा नव्या माध्यमात उतरवला. त्या प्रवासात त्याने आरडी-१ नावाचा सुमारे ९,५०० अक्षरांचा तुकडा गमावला. काय गमावले हे मात्र कळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. दह्यात वापरला जाणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस घशाच्या रोगकारक जिवाणूंचा नातलग आहे. २००४ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्याची सुमारे दहा टक्के जनुके मोडकळीला आलेली दिसली आणि नातलगांकडची रोगकारक जनुके त्याच्याकडे बहुतांशी नव्हती. दुधात पिढ्यान्‌पिढ्या विरजण म्हणून राहणाऱ्याला ती हत्यारे लागत नसावीत.

पण हा नियम नव्हे. आव घडवणारा शिगेला जनुकीय दृष्ट्या ई. कोलायच आहे. त्याने एक मोठे प्लाझ्मिड मिळवले आणि शिवाय कॅड-ए हे जनुक गमावले. त्या जनुकामुळे तयार होणारा पदार्थ शिगेलाच्या विषाला अडवतो, त्यामुळे ते गमावल्यावर जिवाणू अधिक घातक झाला. कुष्ठरोगाच्या जिवाणूने तर १,१०० हून अधिक जनुके निकामी होऊ दिली आहेत आणि तो रोगकारकच राहिला आहे. मात्र आता तो शरीराबाहेर वाढवताही येत नाही.

प्रश्न: औषधाच्या दुकानातील प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणूंच्या गोळ्या, निर्धोक असतात का?

निरोगी माणसासाठी बहुतेक सिद्ध वाण सुरक्षित मानले जातात. परंतु 'सिद्ध' आणि 'वाण' या दोन्ही शब्दांवर जोर द्यायला हवा. पाकिटावर केवळ जातीचे नाव असेल आणि वाणाचा क्रमांक नसेल, तर त्या जातीवर झालेले प्रयोग या गोळीला लागू पडतात असे समजण्यास आधार राहत नाही.

येथे निसल १९१७ या ई. कोलाय वाणाची कथा उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात सोबत्यांना जुलाब झाले असताना एक सैनिक ठणठणीत राहिला. त्याच्या आतड्यातून आल्फ्रेड निसल यांनी हा वाण वेगळा केला आणि तो आजही औषध म्हणून दिला जातो. जनुकसंचाच्या दृष्टीने त्याचे जवळचे नाते आहे ते मूत्रमार्गाचा संसर्ग करणाऱ्या त्याच वाणाशी, ज्याचा उल्लेख पहिल्या उत्तरात आला. लोह खेचून घेण्याची, आतड्यात टिकून राहण्याची कितीतरी जनुके दोघांत समान आहेत. एकाकडे ती रोगाची साधने ठरतात, दुसऱ्याकडे रोगकारकांना जागा न देण्याची. निसलकडे रक्तपेशी फोडणारे विष नाही. त्याच्याकडे पीकेएस नावाचे जनुकबेट मात्र आहे, आणि त्यापासून बनणारे कोलिबॅक्टिन पेशींच्या डीएनएला इजा करू शकते, हे २००६ मध्ये ई. कोलायच्या इतर वाणांवरून समजले. त्यामुळे अशा वाणांवरील चर्चा आजही चालू आहे. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी व अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पालकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही प्रोबायोटिक वापरू नये.

प्रश्न: घातक वाणाचा संसर्ग झाला तर प्रतिजैविक घेतले की काम झाले ना?

पटकीत योग्य प्रतिजैविकाने आजाराचा काळ कमी होतो, जरी खरे जीवदान मीठ-साखर-पाण्याने किंवा सलाईनने मिळते. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायबाबत चित्र उलटे होऊ शकते. २०११ मध्ये जर्मनीत कच्च्या खाल्लेल्या मेथीच्या मोडांतून ओ१०४:एच४ हा वाण पसरला. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. आतड्याला घट्ट चिकटणाऱ्या एका जुन्या वाणात शिगा विषाचा फाज शिरून तो घडला होता. आपल्याकडे वालाचे मोड बिरड्यात शिजवूनच खाल्ले जातात. सॅलडच्या नावाखाली कच्चे मोड खाण्याची नवी सवय मात्र याच कारणाने तपासून घ्यावी.

विषाची जनुके फाजावर आहेत, याचा उपचारावर थेट परिणाम होतो. काही प्रतिजैविकांनी जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की गुणसूत्रात झोपलेला फाज जागा होतो, स्वतःच्या प्रती काढू लागतो आणि त्याबरोबर विषाचे उत्पादनही वाढते. म्हणून या संसर्गाची शंका असताना डॉक्टर सामान्यतः प्रतिजैविके टाळतात. रक्त पडत असलेल्या जुलाबावर घरात उरलेल्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. शौचाचा नमुना आधी प्रयोगशाळेत द्यावा आणि त्यात शिगा विषाच्या जनुकांची तपासणी होते का, हे विचारून घ्यावे.